तक्त्यातला साप आतून पोकळ का? लहान मुलांसाठी प्राण्यांची पुस्तकं करणाऱ्यांना खुलं पत्र

चित्रकार, लेखक, संपादक आणि खेळणी घडवणाऱ्या समस्त मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तीन ते सात वर्षांच्या मुलांना शिकवते. तुमचे तक्ते माझ्या वर्गाच्या भिंतीवर आहेत, तुमची पुस्तकं हाताळून हाताळून पानांपासून सुटली आहेत आणि तुमचे प्लास्टिकचे हत्ती-वाघ दिवस संपताना मीच गोळा करून टोपलीत भरते. तेव्हा ही तक्रार तुमच्या रोजच्या गिऱ्हाइकाची आहे, एवढं लक्षात घेऊन पुढचं वाचा.

झालं असं. पाठीचा कणा असलेले प्राणी हा विषय काढला होता. मी तक्त्यावरचा साप दाखवला, शेजारचं गांडूळ दाखवलं आणि विचारलं, "यांच्यापैकी कोणाच्या अंगात हाडं असतील?" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "कोणाच्याच नाही!" एका मुलाने तर मला समजावूनही सांगितलं, "हाडं असती तर तो असा गोल गोल वळला कसा असता?"

उत्तर चुकलं, पण कारण बघा किती नेटकं आहे. हाड कडक, कडक वस्तू वळत नाही, साप वळतो, म्हणून सापाला हाड नाही. मी तक्त्याकडे नीट पाहिलं. हिरवी नळी, पुढे दोन डोळे, झाला साप. तपकिरी नळी, डोळे नाहीत, झालं गांडूळ. त्या मुलाने तुमचं चित्र अगदी बरोबर वाचलं होतं.

खरा साप म्हणजे हाडांचं कोठार. जातीनुसार साधारण दोनशे ते चारशे मणके, आणि शेपटीचा भाग सोडला तर जवळजवळ प्रत्येक मणक्याला बरगड्यांची एक जोडी. तो वळतो तो हाडं नाहीत म्हणून नव्हे, तर हाडं लहान लहान आहेत आणि सांधे भरपूर आहेत म्हणून. हे सांगायला शब्दही लागत नाहीत. सापाच्या चित्राशेजारी त्याच्या सांगाड्याचं चित्र छापलं की चार वर्षांचं मूल बोटाने मणके मोजायला लागतं. वीसच्या पुढे गडबडतं, पण मोजतं.

दुसरी गोष्ट तुमच्या व्याख्येची. "ज्यांच्या पाठीत हाड असतं ते पृष्ठवंशीय प्राणी." पृष्ठवंशीय हा शब्द पाच वर्षांच्या तोंडात मावत नाही, ते सोडा. 'पाठीत हाड' असं एकवचनात म्हटलं की मुलाच्या डोळ्यापुढे काठी उभी राहते. मग मांजर अंगाची कमान कशी करतं, हे त्याला कळणार कसं? आपल्या भाषेत तर उत्तर तयारच आहे. मणी आणि मणका. ओवलेली माळ. मी रिकामी रिळं दोरीत ओवते, प्रत्येक दोन रिळांच्या मध्ये स्पंजची चकती घालते आणि माळ मुलांच्या हातात देते. काठी वाकवून बघा, आता ही वाकवून बघा. पाच मिनिटांत विषय संपतो. स्पंज कशाला, असं कोणीतरी विचारतंच. मग सगळे जागच्या जागी उड्या मारतात आणि मी सांगते की तुमच्या दोन मणक्यांच्या मध्येही अशीच मऊ गादी आहे, ती दाबली जाते आणि पुन्हा फुगते. दिवसभर उभं राहून, बसून या गाद्या किंचित चेपतात, म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. हे ऐकल्यावर मुलांनी घरी जाऊन आईबाबांना भिंतीला टेकवून मोजलं नाही, असं अजून झालेलं नाही.

(तुमच्यासाठी एक सूचना, मुलांसाठी नाही. मेंदूपासून निघणारी ती नाजूक दोरी, म्हणजे मेरुरज्जू, मणक्याच्या भरीव भागातून जात नाही, त्याच्या मागच्या कमानीतून जाते. माझ्या रिळांत ती मधून जाते, कारण रिळाला भोक तिथेच असतं. मला ही सूट द्या. छापील चित्रात मात्र ती घेऊ नका.)

आता मुख्य मुद्द्यावर येते. कण्याच्या प्राण्यांची ओळख वाघ, सिंह किंवा डायनोसोरपासून करू नका. मुलाच्या स्वतःच्या पाठीपासून करा. तुमच्या एकाही पुस्तकात पहिल्या पानावर मुलाची पाठ मला दिसली नाही. मी वर्गात जोड्या लावते. एकाने वाकायचं, दुसऱ्याने मानेपासून खाली एकेक टेंगूळ चाचपत जायचं. वाकलं की मणके वर येतात आणि बोटाला लागतात. गुदगुल्या होतात, आरडाओरडा होतो, कोणीतरी पडतं. शेवटी बोट पोचतं माकडहाडापाशी. त्या हाडाचं नाव ऐकल्यावर जो हशा पिकतो तो आवरायला मला निदान दहा मिनिटं लागतात, आणि त्या हशातच अर्धं काम झालेलं असतं. शेपूट म्हणजे काय, ती कुठून सुरू होते, आपली कुठे थांबली, हे सगळं त्या एका शब्दात आहे.

इथे एक गंमत सांगते, तीही तुमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. लहान मुलाच्या कण्यात ३३ मणके असतात. मोठं होताना खालचे काही एकमेकांना जुळतात आणि मोठ्या माणसाच्या कण्यात २६ हाडं उरतात. सबंध अंगाचा हिशेबही तसाच. मोठ्या माणसाची हाडं २०६, नुकत्याच जन्मलेल्या बाळाची पावणेतीनशे ते तीनशे. म्हणजे वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे बाईंपेक्षा जास्त हाडं आहेत. उंची, वय, अक्कल सगळ्यात कमी असल्याचं दिवसभर ऐकणाऱ्या जिवाला हे सांगून बघा.

स्वतःची पाठ झाली की मानेकडे वळायचं. जिराफाच्या मानेत किती मणके? मुलं शंभर म्हणतात, हजार म्हणतात. उत्तर सात. उंदराच्या मानेतही सात, तुझ्या मानेतही सात. जिराफाचा एकेक मणका लांबलचक असतो एवढंच. झाडाला उलटं लटकणाऱ्या स्लॉथसारखे मोजके अपवाद सोडले तर सस्तन प्राण्यांत हा आकडा बदलत नाही. घुबडाच्या मानेत मात्र चौदा, म्हणून ते अंग न हलवता डोकं पाऊण गिरकीइतकं फिरवतं. बेडकाच्या मानेचा मणका एकच. आणि माशाला मान नसतेच, त्याचं डोकं थेट खांद्याच्या हाडांना जखडलेलं असतं. यावर आमचा एक खेळ आहे. सगळ्यांनी मासा व्हायचं आणि मान न हलवता 'नाही' म्हणून दाखवायचं. कमरेपासून सगळं अंग फिरवल्याशिवाय ते जमत नाही हे मुलांना आपोआप कळतं. मग घुबड व्हायचं, तेही जमत नाही. असा खेळ पुस्तकाच्या एका पानात बसतो. त्या जागी तुम्ही 'मासा पाण्यात राहतो' असं छापता, जे मुलाला दोन वर्षांचं असल्यापासून माहीत असतं.

शेपटीबद्दल थोडं. तुमच्या खेळण्यांत शेपूट मागून चिकटवलेली असते, कधी दोरीची, कधी रबराची, आणि ती आठवड्यात निघून येते. मुलांना वाटतं खऱ्या मांजराचीही तशीच लावलेली असेल. शेपूट म्हणजे कण्याचंच टोक, मणके तिथपर्यंत गेलेले असतात. पालीची तुटते ती अशा जागी, जिथे मणक्यातच तुटण्याची रेघ आधीपासून आखलेली असते. नवी शेपूट येते, पण तिच्यात मणके परत येत नाहीत. आत कूर्चेची नळी असते. कूर्चा म्हणजे काय, हे सांगायला मुलाला स्वतःचा कान दुमडायला सांगा. आणि कान हातात आलाच आहे तर शार्कचंही उरकून घ्या. शार्कचा सगळा सांगाडा कूर्चेचा असतो, पक्कं हाड नाही, तरी तो कण्याच्याच प्राण्यांत मोडतो. तुमची 'पाठीत हाड' ही व्याख्या इथे दुसऱ्यांदा पडते.

हाड कुठे नाही, हे शोधणंही मुलांना फार आवडतं. हत्तीच्या सोंडेत हाड आहे का? नाही, नुसते स्नायू, आपल्या जिभेसारखे. उंटाच्या मदारीत? तिथे चरबी असते, मदारीखालचा कणा इतर जनावरांसारखाच सरळ जातो. कितीतरी पुस्तकांत उंटाची पाठच दोनदा दुमडल्यासारखी काढलेली पाहिली आहे मी.

आता देवमाशाचं प्रकरण. हा आपल्या भाषेनेच घातलेला घोळ आहे. देवमासा मासा नाही, तारामासा मासा नाही, आणि खवल्या मांजर मांजर नाही. बरं, समुद्रघोडा घोडा नसतो हे मुलं लगेच मानतात, पण तो मासा असतो हे मान्य करायला तयार होत नाहीत. ती मला विचारतात, "मग नाव असं का ठेवलं?" मी सांगते, "ज्यांनी ठेवलं त्यांनी वरून पाहिलं, आपण आतून बघू."

मूल देवमाशाला मासा म्हणालं की आपण घाईने 'चूक' म्हणतो. जरा थांबा. ज्यांनी प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची आजची पद्धत घालून दिली ते लिनीअस, त्यांनीही १७३५ मध्ये देवमासे माशांतच घातले होते आणि १७५८ च्या आवृत्तीत ते सस्तन प्राण्यांत हलवले. त्यानंतर साठ वर्षांनी, १८१८ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये एक खटलाच झाला. माशाच्या तेलावर तपासणीचं शुल्क होतं, मग देवमाशाचं तेल त्यात धरायचं की नाही? शास्त्रज्ञाची साक्ष झाली, देवमासा मासा नाही असं त्याने सांगितलं, आणि पंचांनी निकाल दिला की हे माशाचंच तेल. शहाण्यासुरत्या मोठ्या माणसांचं हे, मग चार वर्षांच्या मुलाला कसली घाई? उलट ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं की डॉल्फिन हवेत श्वास घेतात आणि पिल्लांना दूध पाजतात. त्याने पाहिलं होतं. मुलालाही बघायला काहीतरी द्या.

काय द्यायचं, तेही सांगते. शेपटीची हालचाल. मासा शेपूट डावी-उजवी मारतो, देवमासा आणि डॉल्फिन वर-खाली. का? कुत्रा जोरात धावताना त्याची पाठ बघा, वर कमान, खाली कमान, वर कमान. सस्तन प्राण्यांचा कणा असा वर-खाली खेळतो. देवमाशाचे फार जुने पूर्वज चार पायांवर चालत होते, पाण्यात गेल्यावरही पाठीची ती सवय सुटली नाही. मगर आणि पाल मात्र चालताना माशासारख्या डाव्या-उजव्या नागमोडी होतात. हे सगळं मुलांना जमिनीवर करून बघता येतं. पोटावर झोपून आधी मासा, मग डॉल्फिन. डॉल्फिन करताना फार दमायला होतं, हा माझा स्वतःचा अनुभव.

म्हणून विनंती आहे: डॉल्फिन आणि माशाची चित्रं काढताना शेपटीचा पंख नीट काढा. माशाचा उभा असतो, डॉल्फिनचा आडवा. तुमच्या मागच्या तक्त्यात दोघांचाही उभाच आहे. एवढी एक रेघ बरोबर आली असती, तर मला सांगायला शंभर शब्द कमी लागले असते.

आता त्या पाच चौकोनांबद्दल. मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी, सस्तन. प्रत्येक चौकोनाला वेगळा रंग आणि खाली एकेका ओळीचं लक्षण. मोठ्या मुलांसाठी ते असू दे. पण चार वर्षांच्या मुलाला 'उभयचर म्हणजे जमिनीवर आणि पाण्यात राहणारे' असं सांगितलं, की ते मगर, बदक, कासव आणि पाणघोडा त्याच चौकोनात नेऊन बसवतं, आणि तुमच्या व्याख्येप्रमाणे ते चूक नाही. बेडकाची खरी नवलाई दोन जागांची नाही, दोन आयुष्यांची आहे. आधी कल्ले आणि शेपूट असलेला पाण्यातला जीव, मग पाय आणि फुप्फुसं असलेला दुसराच जीव. (आणि ती शेपूट गळून पडत नाही हो. बेडकाचं अंग ती हळूहळू आत जिरवून टाकतं. एका पुस्तकात तुटलेली शेपूट पाण्यात तरंगताना दाखवली होती, तिला माझ्या वर्गात तीन मुलं रडली.)

'सरपटणारे प्राणी' हे तर आणखी अवघड. सरपटतं कोण? गांडूळ सरपटतं, अळी सरपटते, नऊ महिन्यांचं बाळ सरपटतं. कासव तर चार पायांवर रीतसर चालतं. पक्षी उडतात म्हणावं तर पेंग्विन उडत नाही आणि वटवाघूळ उडतं. अंडी म्हणावं तर प्लॅटिपस सस्तन असून अंडी घालतो आणि काही शार्क मासे असून पिल्लांना जन्म देतात. अशा एकओळी लक्षणांनी मुलाच्या पदरात पडतात ते नुसते अपवाद. त्यापेक्षा अंगावर काय आहे ते बघायला लावा. पिसं आहेत? मग पक्षीच, दुसऱ्या कोणत्याही जिवंत प्राण्याला पिसं नसतात. आईचं दूध पितो? मग सस्तन, मग तो उडो, पोहो किंवा खवल्या मांजरासारखा खवल्यांनी झाकलेला असो. ही दोन लक्षणं कधी दगा देत नाहीत. बाकीचे तीन गट एक-दोन वर्षं थांबले तरी काही बिघडत नाही. माझं हे मत बऱ्याच सहकाऱ्यांना पटत नाही, पण वर्गात रोज मी उभी असते.

कासवाला कवचातून बाहेर काढणं आता तरी बंद करा. गोष्टीत कासव अंघोळीला निघालं की कवच खुंटीला टांगतं. विनोद म्हणून ठीक, पण कासवाचं कवच म्हणजे त्याच्या बरगड्या आणि कणाच आहे, पसरून एकमेकांत जुळलेला. कवच काढणं म्हणजे पाठ काढणं. एका मुलीने खेळण्यातल्या कासवाचं कवच उचकटायचा प्रयत्न केला होता, ते ठीक. खऱ्या कासवाशी तिची गाठ पडेल तेव्हा काय, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

आकारमानाचंही बघा. तुमच्या तक्त्यावर उंदीर आणि हत्ती एकाच मापाचे असतात, जागा वाचवायला. समजू शकते. पण एक तरी पान असं करा, ज्यावर ७.७ मिलिमीटरचा बेडूक त्याच्या खऱ्या मापात असेल. असा बेडूक पापुआ न्यू गिनीत सापडला आणि २०१२ मध्ये त्याचं वर्णन झालं. नखावर मावतो, आणि त्याच्याही पाठीत कणा आहे. दुसऱ्या टोकाला निळा देवमासा, जवळपास ३० मीटर. तो पानावर मावणार नाही, मुलांना मैदानात हात धरून रांगेत उभं करावं लागतं. आमची रांग देवमाशाच्या शेपटीपर्यंत पोचलीच नाही, शेजारचा वर्ग उसना आणला.

आतल्या सांगाड्याचा फायदा काय, हे खेकड्याशेजारी छान कळतं. खेकड्याचं कडक कवच बाहेर असतं, ते वाढत नाही. मोठं व्हायचं तर जुनं टाकून नवं करावं लागतं, आणि नवं कडक होईपर्यंत लपून बसावं लागतं. तुझी हाडं आत आहेत, ती तुझ्याबरोबर वाढतात, बदलावा लागतो तो फक्त सदरा.

मात्र खेकड्याला आणि गांडुळाला 'कणा नसलेले बिचारे' करू नका. आजवर वर्णन झालेल्या प्राण्यांच्या जातींपैकी कणा असलेल्या शंभरात पाचही भरत नाहीत. आपणच अल्पसंख्य आहोत आणि उरलेल्या सगळ्यांना आपल्याकडे आहे ते नसण्यावरून नाव दिलं आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १८०१ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्याच्याही नावात 'कणा नसलेले प्राणी' असंच होतं. आपला 'अपृष्ठवंशीय' हा शब्दही असाच 'अ' लावून केलेला आहे, तो राहो. पण तक्त्याच्या कोपऱ्यात उरल्यासुरल्या जागेत कोळी, ऑक्टोपस आणि गोगलगाय एकत्र कोंबायची काही गरज नाही.

जिवंत प्राणी वर्गात आणण्याबद्दल पालक मला नेहमी विचारतात. बेडकाची कातडी ओली आणि नाजूक असते, त्यातून तो श्वासही घेतो, तेव्हा तो मुलांच्या हातातून फिरवू नये. कासव, पाल यांना हात लागला तर साबणाने हात धुवायचे, कारण त्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. शेपूट तुटते का बघायला पालीला डिवचायचं नाही. बाकी बघायला खिडकी पुरते. पक्षी, खार, कुत्रा, एखादं मांजर दिसतंच, आणि सगळ्यांना पाठ असते.

पुढची आवृत्ती निघेल तेव्हा सापाचा सांगाडा, डॉल्फिनची आडवी शेपूट, कासवाच्या कवचाची आतली बाजू आणि पहिल्या पानावर एका मुलाची वाकलेली पाठ, एवढं बघा. कच्ची चित्रं आधी दाखवायची असतील तर वर्गात घेऊन या. माझ्याकडे बावीस परीक्षक आहेत आणि त्यांना भीडभाड नाही. सापाला हाडं नाहीत म्हणणारा तो मुलगा आता ऑक्टोपसच्या मागे लागला आहे. कणा नाही, कवच नाही, तर तो स्वतःला धरून ठेवतो कशाने, असं त्याचं म्हणणं आहे. तुमच्या पुस्तकात त्याचं उत्तर शोधलं, तिथे नुसते आठ पाय मोजले आहेत.

तुमच्याच तक्त्यांसमोर रोज उभी राहणारी,
एक बालवाडी शिक्षिका